आपल्यात जात नसते

माझी मोठी बहीण विरारला शाळेत शिकवायची. तिथल्या चर्चच्या गायनमंडळात तिची एका मुलाशी ओळख झाली. तो टेलिफोन खात्यात होता आणि मनवेलपाड्याच्या एका चाळीत आईबरोबर राहायचा. माणसं मूळची नगरकडची, आमच्यासारखीच कॅथलिक. धर्म एक, चर्चमध्ये मिस्सा एक, मग घरचे कशाला अडवतील, असं बहिणीला मनापासून वाटत होतं.

आमचं घर नंदाखाल गावाच्या पलीकडे, केळी-नारळाच्या वाडीत. पोर्तुगिजांच्या काळात बाटण्याआधी आपण ब्राह्मण होतो, हे आम्ही लहानपणापासून जेवता जेवता ऐकत आलो होतो. पप्पा रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचे. गावात त्यांच्या शब्दाला मान होता.

मुलगा आईला घेऊन आमच्याकडे आला तो एका रविवारी, मिस्सानंतर. त्याची आई मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. पांढरी सुती साडी, गळ्यात क्रूस. मायलेक दोघंही काळे. आत आल्या आल्या तिने आमच्या घरातल्या मारियामातेच्या मूर्तीपुढे हात जोडले, मग खुर्चीच्या कडेवर बसली. पप्पांनी गावाची, पावसाची चौकशी केली. मग विचारलं, "तुमच्याकडे ख्रिस्ती कोण झालं?"

"माझे आजोबा."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी आम्ही गावाबाहेर राहायचो," ती म्हणाली.

पप्पांनी मान हलवली. त्यांना पुढे काही विचारायचं नव्हतं.

आत्या चहा घेऊन आली. आम्हाला कपबशा, त्या दोघांना काचेचे ग्लास. ते ग्लास मागच्या पडवीत वेगळे ठेवलेले असायचे, वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी मजुरांसाठी. पाहुण्यांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण आमच्या हातात काय आहे ते त्यांना दिसत होतं. आत्या आमच्या आईजवळ सरकली आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाली की यांची पोरं झाली तर अंधारात चाचपून शोधावी लागतील. ही बोली घाटावरच्यांना कळत नाही, असा तिचा समज. मुलाचा ग्लास ओठांपाशीच थांबला. त्याच्या आईने चहा शेवटपर्यंत प्यायला आणि चांगला झाला होता असं सांगितलं.

ते गेल्यावर पप्पांनी आवाजसुद्धा चढवला नाही. बहिणीला समोर बसवून म्हणाले, "हिंदू ब्राह्मणाचा मुलगा आणला असतास, तरी मी विचार केला असता."

लग्न विरारला झालं. आमच्याकडून कुणी गेलं नाही. आईने सकाळी रेशमी साडीला इस्त्री केली आणि परत कपाटात ठेवली. मला पप्पांनी केळींना पाणी सोडायला पाठवलं.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चच्या सभागृहात एक चर्चा ठेवली होती. विषय होता जातिभेद. बोलणाऱ्यांत पप्पा होते. मी बहिणीला फोनवर सहज सांगितलं, तर ती सहा महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन आली आणि मागच्या बाकावर बसली.

पप्पा फार छान बोलले. हिंदूंमधल्या शिवाशिवीची उदाहरणं दिली. मग म्हणाले, "आपण एका वेदीवरची एकच भाकर खातो. आपल्यात जात नसते." टाळ्या पडल्या. कुणाला काही विचारायचं आहे का, असं फादरांनी म्हटलं आणि बहीण उभी राहिली.

"पप्पा, माझ्या सासूबाईंना तुम्ही मजुरांच्या ग्लासातून चहा दिलात," ती म्हणाली. "माझ्या लग्नाला आला नाहीत. ही तुमची नात आहे. हिला तुम्ही अजून पाहिलेलं नाही. आता पाहा."

तिने मुलीला दोन्ही हातांनी वर धरलं. लोकांनी माना वळवल्या. पप्पांनी पाहिलं, नीट पाहिलं. मग माइक जवळ ओढून म्हणाले, "हा आमचा घरगुती विषय आहे. पुढचा प्रश्न घेऊ या."

माझ्या मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "पोर अगदीच बापावर गेलंय, बिचारं." तिला खरंच वाईट वाटलं असावं. पण आजूबाजूचे चारपाच जण हसले, आणि ते हसू पुढच्या रांगांपर्यंत पसरत गेलं. कशाला हसतोय हेही तिथल्या लोकांना ठाऊक नव्हतं. फादर कागद चाळत राहिले. एका म्हाताऱ्याने उठून विचारलं की शुक्रवारी अंडं चालतं का.

मी बहिणीमागे रस्त्यापर्यंत धावले. ती रिक्षात बसत होती. "मला वाटलं होतं, हिला बघितलं की ते विरघळतील," एवढंच ती म्हणाली. रडली नाही.

पुढचे कित्येक दिवस लोक पप्पांना धीर द्यायला घरी येत होते. चारचौघांत बापाची अब्रू काढणारी मुलगी कुणाच्या नशिबी येऊ नये, असं म्हणत होते. त्याच वर्षी त्यांना चर्चच्या मंडळाचं अध्यक्ष केलं. बहीण पुन्हा घरी आली नाही. आई तिच्याशी शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलायची, तेही पप्पा वाडीत असले तर.

आई गेली तेव्हा बहिणीची मुलगी सातएक वर्षांची होती. शवपेटी ओटीवर ठेवली होती, पप्पा उशाशी बसले होते. बहिणीने कुणाकडे न पाहता मुलीला पुढे नेलं आणि स्वतः आईच्या पायांशी टेकली. मुलगी फुलं हातात घेऊन उभी. आत्या आतून मेणबत्त्या घेऊन आली, तिची वाट अडली.

"सरक गं," आत्या मुलीला म्हणाली. "कुठल्या कामवालीबरोबर आलीस तू?"

मुलीने आपल्या आईकडे पाहिलं. मी पप्पांकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं होतं, ते हाताच्या अंतरावर होते. ते मेणबत्त्यांची जागा दाखवू लागले.

बहीण उठली. मुलीच्या हातातली फुलं तिने पेटीत ठेवली, तिला आजीच्या कपाळाचं चुंबन घ्यायला लावलं, आणि अंत्ययात्रा निघायच्या आधीच दोघी पायऱ्या उतरल्या. मी फाटकापर्यंत गेले. बाहेर रस्त्याच्या पलीकडच्या कडेला तिचा नवरा स्कूटरवर बसला होता, पाय टेकून. तो आत आलाच नव्हता. बहिणीने मुलीला मध्ये बसवलं आणि त्याला फक्त म्हणाली, "चला."