मंगलच्या ब्लाउजमधली माया

ये, अशी जवळ बस. दारात काय टेकलीस पाहुणीसारखी? आणि इतके दिवस होतीस कुठं गं — म्हातारी आहे का गेली, बघायला तरी यायचं! बरं, राहू दे. आज सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

शब्द एवढासाच — टाईट. तू म्हणशील, त्यात काय? बरणीचं झाकण टाईट, सायकलचा ब्रेक टाईट, दिवसभर आपण म्हणतोच. पण ब्लाउजला तो शब्द इंदापुरात, आमच्या गल्लीत, आणला माझ्या धाकट्या जावेनं. शैलानं. त्याआधी बाया माझ्याकडं जुना ब्लाउज टाकायच्या आणि म्हणायच्या, "अंगाबरोबर शिव." त्यावरून मी बेतायची. मला शिकवलं कुणी होतं?

नव्वद सालानंतरची गोष्ट ही. शैला वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेली, शिवणक्लास केलेली. गळ्यात टेप. पोरी तिच्याभोवती — "शैलावैनी, मला टाईट पायजे हां!" ती हसून सांगायची, "टाईट म्हंजे आवळलेला न्हवं गं. अंगाला लागला पायजे, पण श्वास अडाय नको. अडला, की तो टाईट न्हाय, चुकला."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मशीनवर बसून मी हे ऐकायची. माझ्याकडं उरल्या म्हाताऱ्या आणि परकर. खरं सांगू? वाटायचं, हिला ताप यावा. आणि आला, की पेज करून मीच द्यायची. हसू नकोस.

मग शेजारच्या पारूबाईंच्या मंगलचं लग्न ठरलं. शालूवरचा ब्लाउज शैलानं बेतला, कच्ची टीप मारून मंगलला घालून बघितला. असा बसला होता — मी पाहिला ना! तेवढ्यात कोऱ्हाळ्याहून निरोप आला, शैलाची बहीण बाळंत झाली. निघताना म्हणाली, "आक्का, तेवढी पक्की टीप मारा. तुमच्यासारखी सरळ टीप मला न्हाय जमत." खरंच म्हणाली. ऐकलंस?

मी दोन्ही बाजूंची टीप बोटभर आत घेतली. तेही एक वेळ — उसवता येतं. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, माया म्हणतो आम्ही, ते त्यासाठीच. मी कात्री घेतली आणि ती माया कापून टाकली. टीप हुकली म्हणता येतं. कात्रीला काय म्हणू?

लग्नादिवशी हुक लागेनात. मंगलच्या मावशीनं ब्लाउज उलटा केला, माया शोधली — नाहीच. बाहेर वाजंत्री वाजतायत, आत मंगल रडतेय. शेवटी आईचा ढगळा, भलत्याच रंगाचा ब्लाउज पिना लावून घातला आणि तशीच बोहल्यावर उभी राहिली पोर. शैला त्या सकाळीच परतलेली. पारूबाई सगळ्यांदेखत तिला म्हणाल्या, "टाईट टाईट करत माझ्या लेकीचा दिस नासलास की गं!"

तिथं मी बोलायला हवं होतं. बोललेही. म्हणाले — "मी सांगत होते हिला, माया सोड म्हणून."

शैलानं माझ्याकडं बघितलं. आपण केवढी माया सोडली होती, हे तिला ठाऊक नव्हतं का? तरी माझं नाव तिनं घेतलं नाही.

तिचं मशीन बंदच पडलं. पोरी परत माझ्याकडं आल्या. मी त्यांना टाईट शिवून द्यायला लागले, वर तिचंच वाक्य ऐकवायची — श्वास अडाय नको. आणि मला बरं वाटायचं, बाई. लाज फार उशिरा आली. आधी बरंच वाटलं.

आता तिचे ब्लाउजही मीच शिवते. माप द्यायला ती हात वर करून उभी राहते, मी टेप फिरवते.

लवकर ये गं परत. दुपारचीच ये, शैलाही असते तेव्हा. तिच्यासमोर हे काढू नकोस, असं मी म्हणणार नाही.