जिंकलो, तरी घरी पाठवलं

"चलो, जर्सी उतारो सब."

मंडपातून माईकवर आवाज आला. गोंदियाच्या मैदानावर मुलींच्या फुटबॉलची जिल्ह्याची फायनल नुकतीच संपली होती. आम्ही जिंकलो होतो. एकच गोल झाला, तो मी मारला होता. अंगावरचा घाम वाळला नव्हता.

आम्ही चिचगडकडच्या जंगलातल्या पोरी. आमच्याकडे खेळायचे कपडे नव्हते म्हणून स्पर्धेवाल्यांनी नव्या जर्स्या वापरायला दिल्या होत्या. पाठीवर जिल्ह्याचं नाव. नागपूरला विभागाच्या स्पर्धेला जाणारा संघ त्याच घालणार होता. जो जिंकेल तो जाणार, असं आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं. त्यांनाही तसंच वाटत होतं.

मंडपात निवड समितीचे तिघे बसले होते. मधल्या साहेबांनी मला बोलावलं. कॅप्टन मी होते.

"आडनाव काय?"

सांगितलं.

"अच्छा."

बस. एवढंच. पण आमच्याकडे जन्मलेल्या माणसाला तो अच्छा बरोबर ऐकू येतो.

मग ते म्हणाले, "जिंकल्या तुम्ही, मान्य. पण विभागात नुसतं जिंकून चालत नाही. पर्सनॅलिटी लागते. चार लोकांत बोलता आलं पाहिजे." शहरातल्या क्लबचा संघ पाठवायचं त्यांनी ठरवलं होतं. आत्ता आमच्याकडून हरलेला तोच संघ.

गुरुजी हात जोडून म्हणाले, "साहेब, गोल तर आमच्या पोरींनी मारला."

"गुरुजी, तुम्ही तुमच्या नोकरीचं पाहा."

गुरुजींचे हात तसेच जोडलेले राहिले. 

जर्सी काढायला आडोसा नव्हता. खाली मी भावाचा जुना शर्ट घातला होता. बगलेत फाटलेला, पिन लावलेला. कोणाला दिसणार आहे, असं वाटलं होतं. जर्सी ओली, अंगाला चिकटलेली. ओढताना पिन सुटली. मी हात अंगाशी घट्ट दाबून उभी राहिले. मैदानाच्या कडेला पोरं हसत होती. क्लबच्या कॅप्टननं माझी जर्सी दोन बोटांत धरली.

"छी, गीली है."

तो घाम तिला हरवताना आला होता. हे मला त्या वेळी सुचलं नाही. त्या वेळी मला माझ्या घामाचीच लाज वाटली. माझ्या शर्टाची, माझ्या आडनावाची, माझ्या बोलण्याची. वाटलं, साहेब बरोबरच म्हणत असतील. त्यांनी आम्हाला काढलं त्याचं एवढं नाही. ते मला पटलं, हा खरा मार.

एसटीनं परत आलो. गावाच्या फाट्यावर बाया जमल्या होत्या. मायनं गुलाल आणला होता. आमची तोंडं पाहून तिनं विचारलं, "हारल्या का वो?"

मी म्हटलं, "हो."

हरलो म्हटलं की लोक गप्प बसतात. जिंकूनही काढलं म्हटलं असतं तर मायनं विचारलं असतं, काऊन? का म्हणून? आणि त्या काऊनचं उत्तर मला माझ्या मायला द्यावं लागलं असतं. जे तिला माझ्या आधीपासून माहीत होतं.

पंधरवड्यानं निरोप आला. सगळ्या पोरींना गोंदियाला बोलावलं होतं. आम्हाला वाटलं, समितीचं मन फिरलं. पोरींनी केस विंचरले, तेल लावलं. मैदानावर गेलो तर क्लबचा संघ तयार उभा. त्यांना नागपूरच्या आधी सराव पाहिजे होता. चांगला संघ समोर पाहिजे म्हणून आम्हाला बोलावलं होतं. चांगला संघ, असं ते साहेबच म्हणाले.

मी विचारलं, "आज आम्ही जिंकलो, तर कोण जाणार?"

"ह्याच जाणार. ठरलं ते ठरलं. तुम्ही खेळा, नाश्ता ठेवला आहे."

  

"मंग कायले खेलाचं?"

"बोलायची पद्धत शिक आधी."

"पद्धत तुमची शिका तुम्ही. मी नाही खेलत."

मी मैदानाबाहेर निघाले. मागे पाहायची हिंमत नव्हती. कोणी येईल असं वाटलंही नव्हतं. मग मागून पावलं ऐकू आली. सगळ्या पोरी. गोलकीपर रडत होती, पण येत होती. नाश्त्याला कोणी हात लावला नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मायला खरं सांगितलं. ती सुपानं तांदूळ पाखडत होती. थांबली नाही. म्हणाली, "तुले काऊन लाज वाटून राहिली? लाज त्यायले वाटाले पाहिजे."

त्यांना वाटली नाही. क्लबचा संघ नागपूरला गेला. आमच्या गोलाचं नाव कोणी घेतलं नाही. आणि माझी लाज मायच्या एका वाक्यानं गेली असं म्हटलं तर ते खोटं होईल. आजही माईकवर हिंदी आवाज आला की माझे हात आपोआप अंगाशी दाबले जातात.

आता मी गावच्या मुलींना फुटबॉल शिकवते. यंदा स्पर्धेच्या आधीच्या बैठकीत मी उभी राहिले.  माझ्याच बोलीत बोलले. म्हटलं, कोण जाणार ते पहिल्या शिट्टीआधी माईकवर सांगा. मैदानात जिंकेल तो, की तुमच्या पसंतीचा? समितीतले एक जण हसले. "मॅडम, बघू नंतर."

नंतर नाही. हे माईकवर बोललं जाईपर्यंत माझ्या पोरी मैदानाच्या मधोमध बसतील, त्यांच्या पुढं मी बसेन, आणि तिथं एकही सामना सुरू होणार नाही.