सवतीचं पाणी

माझी मावशी जळकी आहे. हे मी तिच्या पाठीमागे नाही, तोंडावर सांगते, आणि ती "असेना का" म्हणून पुढच्या कामाला लागते. शेजारणीचे पडदे, बहिणीचा आवाज, जावेचे केस, सगळ्यांवर जळून झालं. पण उतारवयात ती एका झाडावर जळायला लागली तेव्हा मात्र मी हात टेकले.

झाड लिंबाचं. घराच्या मागच्या पायरीसमोर, परसात. काका, म्हणजे तिचे यजमान, त्याला लाडानं लिंबोणी म्हणतात. मावशी म्हणते सवत. "अहो, सवतीची आंघोळ उरकली असेल तर जेवायला या!" अशी हाक रोज अख्ख्या गल्लीला ऐकू जायची.

काका चष्मेवाले. जन्मभर कोपऱ्यावरच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "आता बरं दिसतंय की मघाशी?" विचारत आले. मग दुकान जावयाच्या हाती दिलं आणि परसाचं वेड घेतलं. आधी कपडे वाळत घालायची दोरी हलवली, कारण लिंबोणीवर सावली पडते. मग मावशीची धुणं धुवायची फरशी उखडली, कारण साबणाचं पाणी तिच्या मुळाशी जातं. झाडाभोवतीचं आळं गोलच हवं म्हणून मोजपट्टी घेऊन बसायचे. पानं मऊ फडक्यानं पुसायचे, अगदी चष्म्याच्या काचा पुसल्यासारखी. आणि एवढं करून लिंबू? नाव नको. नुसता हिरवागार पाला.

"तोंडाला पानं पुसली तुमच्या लाडकीनं," मावशी म्हणायची.

पण तिचं खरं दुखणं दोरीचं नव्हतं आणि फरशीचंही नव्हतं. दुकान होतं तेव्हा काका दिवेलागण उलटून गेल्यावर घरी यायचे, आणि मावशी म्हणायची, एकदा का हे घरी बसले की संध्याकाळी मागच्या पायरीवर दोघं निवांत चहा घेऊ. बास, एवढंच मागणं. त्यासाठी दोन चांगले कपही तिनं वेगळे काढून ठेवले होते. काका घरी बसले, पायरीवर चहाही आला. पण काका कप उचलायचे आणि लिंबोणीपाशी जाऊन उभ्यानं प्यायचे. मावशी एकटी पायरीवर, त्यांच्या पाठीकडे बघत.

"माझ्याशी नुसतं 'हं', आणि तिच्याशी अख्खी वाक्यं!" असं ती सांगायची तेव्हा मला हसू यायचं. तिला नाही यायचं.

मग काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, धूळ-माती नाही, महिनाभर परसात पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. काकांना डोळ्यापेक्षा लिंबोणीची काळजी.

"अगं, तिला रोज पाणी हवं हं. विसरू नकोस."

"मी कशी विसरेन तिला?" मावशी म्हणाली.

आणि विसरली नाहीच. रोज सकाळी आत ऐकू जाईल असा नळ मोठा सोडायची, बादली आदळायची, आणि ते पाणी नेऊन पुढचं दार धुवायची. दृष्टीआड सृष्टी! तिचा उंबरठा इतका लख्ख मी कधी पाहिला नव्हता.

"मावशे, अगं मरेल ती," मी म्हटलं.

"मरतेय! मी नाही मेले, ती काय मरते!"

तो महिना मावशीचा होता. काकांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, मागचं दार धुळीच्या नावाखाली बंद, जायला जागा नाही, म्हणून गल्लीकडच्या खिडकीपाशी बसून चहा प्यायचे आणि बोलायचे. चष्मा हरवला म्हणून नवा करायला आलेलं गिऱ्हाईक, आणि जुना कपाळावरच. मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला.

महिना संपला आणि काका आधी परसात गेले. लिंबोणीच्या काड्या झाल्या होत्या. आळं गळलेल्या पानांनी झाकून गेलेलं. काका एकेक काडी हातात घेऊन बघायला लागले.

"हिला काय झालं गं?"

"मला काय विचारता? नवा डोळा आहे ना, बघा की."

झालं! काका पाइप घेऊन तिथंच. पायरीवरचा चहा पुन्हा गार व्हायला लागला. आणि थोड्याच दिवसांत लिंबोणी अशी फुलली की पांढऱ्या फुलांत फांदी दिसेना.

"बघितलंस? माझ्यावाचून झुरली बिचारी," काका फांदी कुरवाळत म्हणाले. "मी आलो आणि फुलली!"

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. सांगावं तर स्वतःची लबाडी उघडी पडते, गप्प बसावं तर सवत पतिव्रता ठरते.

काकांना मिरवायची हौस. ज्याच्याकडून रोप आणलं त्या रोपवाल्याला हाताला धरून घेऊन आले. मीही होते. मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात.

"वा, ताण झकास दिलात," रोपवाला म्हणाला.

"कसला ताण?"

"पाणी तोडलंत ना मध्ये? रोज पाजलं की लिंबाला नुसता पाला. तोडून मग भरपूर दिलं की असा बहर येतो."

"मी तर सांगून ठेवलं होतं, रोज..." काका थांबले आणि मावशीकडे वळले. रोपवाला चहा न घेताच सटकला.

"अगं, पाणी घातलं नव्हतंस?"

"नव्हतं घातलं!" मावशीनं ट्रे पायरीवर आपटला. "मारायचीच होती मला ती. तर मेली फुलली! महिनाभर पाणी तोडलं तर हिचं एवढं कौतुक. मी लग्नापासून ताणावरच आहे. मी दिसायला आता कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं राहिलंय?"

मला वाटलं, काका चिडणार. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. मग स्टूल ओढून लिंबोणीकडे पाठ करून मावशीसमोर बसले. आणि कप उचलला.

"त्या चष्मा हरवलेल्या गिऱ्हाइकाचं सांगितलं होतं का तुला?"

"सांगितलंत."

"मग दुसरं सांगतो," काका म्हणाले.

तेवढ्यात वारा आला आणि फुलांचा वास थेट पायरीपर्यंत पोचला. काकांची मान हळूच वळायला लागली.

"मागे बघितलंत तर उद्यापासून पाणी बंद," मावशी म्हणाली.

"तिचं?"

"तुमच्या चहाचं."

काकांनी मान जागच्या जागी आणली.