बाबांसाठी लॅक्रॉस

कपाट आवरताना लेकीची लॅक्रॉस खेळायची जाळीची काठी हाती लागली, आणि सार्सच्या साथीतली ती दुपार आठवली. नवऱ्याची बायपास चालू होती आणि साथीमुळे हॉस्पिटलनं नातेवाइकांना आत येणं बंद केलं होतं. मी परदेशातल्या आमच्या तोआ पायोह वस्तीतल्या फ्लॅटमध्ये फोनकडे बघत बसले होते, तेवढ्यात लेक बूट घालून उभी राहिली. "आज कसला खेळ?" मी चिडून विचारलं. "आई, कोच म्हणाले, हा अमेरिकेतल्या मूळ लोकांचा खेळ आहे. आजारी माणूस बरा व्हावा म्हणून ते खेळायचे. मला बाबांसाठी खेळायचंय." मी तिच्याबरोबर गेले. मैदानावर आधी सगळ्यांचा ताप मोजला. लेकीनं मैत्रिणींना काहीतरी सांगितलं, तशी एक चिनी मुलगी माझ्याकडे बघून तिथल्या इंग्रजीच्या लकबीत म्हणाली, "आंटी, डोन्ट वरी, लाह." रणरणत्या उन्हात रबरी चेंडू एका जाळीतून दुसरीत जात होता आणि माझ्या मुठीतला फोन घामानं ओला झाला होता. तो वाजला तसा मी बटण दाबून कानाला लावला. "ऑपरेशन नीट झालंय," डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलं. मी हात हलवताच लेक धावत आली, माझ्या कुशीत रडली, मग नाक पुसून म्हणाली, "थांब, हा खेळ अर्ध्यावर सोडायचा नसतो," आणि परत पळाली. देवाधर्माचं मी आजही फारसं करत नाही, पण त्या दिवशी खेळ संपेपर्यंत मी जागची हलले नाही.