आडवा स्क्रू

काटेमास्तरांचा राग त्यांच्या आधी उठायचा. ते अंथरुणात बसून चष्मा चाचपत असायचे, तेव्हा राग तोंड धुऊन, चपला घालून दारात उभा असायचा. बायको चहा गाळता गाळता विचारायची, "आज कुणावर?" कधी पेपर उशिरा टाकणाऱ्यावर, कधी गळक्या नळावर, कधी जगाच्या पाठीवर कुणीतरी स्क्रू वाकडा पिळला असेल त्याच्यावर. त्या रविवारी मात्र तिनं विचारलं नाही. तिला माहीत होतं. आजचा राग भाच्यावर होता आणि तो आठवडाभर मुरला होता.

मास्तरांना काटे हे नाव काही आईबापांनी दिलेलं नव्हतं. कापड रंगवायच्या गिरणीत बॉयलरच्या मागं एक अरुंद खोली आहे, बाक एक आणि खिडकी अर्धी. गिरणीतले दाब मोजायचे गेज बिघडले की तिथं येतात. चौतीस वर्षं मास्तर त्या बाकावर बसून गेज उघडताहेत, काटे सरळ करताहेत. त्या खोलीचा एक रिवाज आहे. गेज तपासायच्या यंत्राला लावायचा, एकेक वजन ठेवत जायचं, काटा प्रत्येक आकड्यावर बरोबर येतो का बघायचं. सगळं जुळलं की तोंडावरचे चार स्क्रू पिळायचे. तीन स्क्रूंच्या खाचा उभ्या. डावीकडच्या खालच्या स्क्रूची खाच मात्र आडवी. आडवा स्क्रू म्हणजे तपासलं. कागद नाही, शिक्का नाही. बॉयलरवाला दहा पावलांवरून बघून समजायचा. हे मास्तरांना थोरल्या मिस्त्रींनी शिकवलं आणि शिकवताना सांगितलं, "न तपासता स्क्रू आडवा केलास, तर तुलाही त्याच्या शेजारी आडवा करीन."

गिरणीतून घरी आले की मास्तर विमान उडवायचे. खरं नव्हे, कॉम्प्युटरवरचं. पण त्यांच्यासमोर कुणी 'गेम' म्हणालं तर त्याला पाणीसुद्धा विचारत नसत.

त्या खेळात पूर्वी विमानाचं पॅनल सपाट असायचं. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात गेजांचं एक चित्र, वरच्या अर्ध्यात काचेतून दिसणारं आभाळ. सगळे गेज तुमच्याकडे तोंड करून, वर्गाच्या फोटोतल्या पोरांसारखे. इंजिनाचे गेज बघायचे असले तर एक बटण दाबायचं की दुसरं चित्र समोर. मास्तरांनी असं एक पॅनल स्वतःच्या हातानं बनवलं होतं. फ्लाइंग क्लबच्या मागच्या आवारात एक जुनं दोन इंजिनांचं विमान लाकडी ठोकळ्यांवर उभं आहे, चाकांतली हवा कधीच गेलेली. मास्तर सुट्टीच्या दिवशी त्यात जाऊन बसायचे. टेप लावायचे, फोटो काढायचे, घरी येऊन एकेक आकडा, एकेक रेघ पडद्यावर रेखायचे. एकतीस गेज, अकरा वर्षं. बायको म्हणायची, "पोरगी बारावी झाली, कॉलेज झालं, लग्न होऊन सासरी गेली, आणि ह्यांचं विमान अजून जमिनीवरच."

पण उडालं एकदाचं. क्लबातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत नऊ वर्षं शिकाऊ वैमानिक आधी मास्तरांच्या पॅनलवर बसायचे आणि मग खऱ्या विमानात. पडदा सुरू झाला की कोपऱ्यात अक्षरं यायची, 'पॅनल : काटेमास्तर'. मास्तरांची सगळी इस्टेट तेवढ्या दोन शब्दांत होती.

आणि आता क्लबाची चिठ्ठी आली होती. नवे कॉम्प्युटर घेतले, खेळाची नवी आवृत्ती घेतली, तिच्यात सपाट पॅनल चालत नाहीत. यापुढे व्हर्च्युअल कॉकपिट. म्हणजे विमानात खरोखर बसल्यासारखं, माऊस हलवला की मान वळते, वर बघा, खाली बघा, बाजूच्या खिडकीतून बाहेर बघा. त्याच जुन्या विमानाचं कॉकपिट तयार आहे, रविवारी दहा वाजता दाखवणार. बनवणारा, मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा.

"मान वळवायला मी काय बगळा आहे?" मास्तर आठवडाभर हेच म्हणत होते. "वैमानिकानं गेज बघायचे की खिडकीतून शेजाऱ्याचं वाळवण बघायचं?"

"शिकवलं कुणी त्याला?" बायको म्हणाली. "दहा वर्षांचा असताना मांडीवर बसवून कुणी दाखवलं काटा कसा फिरवायचा?"

"मी काटा फिरवायला शिकवला. पाठ फिरवायला नव्हे."

क्लबाच्या खोलीत पंचवीसेक माणसं होती. लोखंडी खुर्च्या, खिडकीला जाड पडदे, भिंतीवर मोठा पडदा. भाचा पुढं उभा, पस्तिशीचा, कपाळ वरपर्यंत गेलेलं. मामा-मामी आत येताना बघून तो वाकायला पुढं आला. मास्तरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"राहू दे. व्हर्च्युअल नमस्कार कर."

पहिल्या रांगेत कॅप्टनबाई बसल्या होत्या. साठी उलटलेल्या, आवाज घोगरा. ते ठोकळ्यांवरचं विमान जेव्हा उडत होतं, तेव्हा ते त्यांनी सहा वर्षं उडवलेलं. त्या क्लबात विमानात बसून शिकवायच्या, कॉम्प्युटरच्या खोलीत सहसा येत नसत.

पडदा उजळला, कोपऱ्यात भाच्याचं नाव उमटलं, आणि कॉकपिट बघून मास्तर खुर्चीत पुढं सरकले. कारण ते सुंदर होतं. ऊन खिडकीतून येऊन गेजांच्या काचांवर पडत होतं आणि विमान वळलं की सरकत होतं. भाच्यानं मान डावीकडे वळवली तर खिडकीतून धावपट्टी दिसली, पंखाच्या टोकापलीकडे, जिथं ती असायला हवी तिथंच. सपाट पॅनलवर वळताना धावपट्टी कधी दिसायचीच नाही, अंदाजानं वळावं लागायचं. मास्तर नऊ वर्षं म्हणत आले होते की अंदाज हीच विद्या. आता मागून कुणीतरी "वाह" म्हणालं आणि त्यांना वळून त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दुसरी स्वतःच्या द्यावीशी वाटली, कारण तो वाह त्यांच्याही ओठांपर्यंत आला होता.

भाचा म्हणाला, "आता गेज जवळून बघू." पडदा पुढं सरकला. उंचीचा गेज मोठा झाला, ताटाएवढा. चार कोपऱ्यांत चार स्क्रू. तीन उभे. डावीकडचा खालचा आडवा.

मास्तर खुर्चीतून उठले ते खुर्ची पाडूनच.

"थांब! पुढचा गेज दाखव."

"मामा, शेवटी प्रश्न—"

"दाखव म्हणतो ना!"

वेगाचा गेज. डावीकडचा खालचा आडवा. होकायंत्र, आडवा. मास्तर पडद्याशी गेले, हातातल्या पेनानं एकेक स्क्रू ठोकत सुटले. "हा बघा! हा बघा! आवारात जाऊन खऱ्या विमानात बघून या, तिथं स्क्रू कसेही पिळलेत, एक उत्तरेला तर एक दक्षिणेला. असा आडवा स्क्रू जगात एकाच खोलीत पिळतात, माझ्या! याने माझे गेज उचललेत. अकरा वर्षांचे एकतीस गेज उचलले आणि गोल करून चिकटवले. आणि वर नाव कुणाचं? याचं! अरे, मामा झालो म्हणून मला मामा बनवायचा परवाना मिळाला काय तुला?"

खोलीत कुणाला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात गुंडाळलं.

भाच्याचे कान लाल झाले. "मामा, फाइली तुम्हीच दिल्या होत्या. म्हणालात ठेव."

"ठेव म्हणालो! ठेव आणि खा यात फरक आहे!"

"मला वाटलं तुम्हाला आनंदच होईल. तुमचं पॅनल बंदच पडणार होतं. निदान काटे तरी जगतील."

"मग नाव का मारलंस त्यांचं?"

भाचा माऊसची वायर बोटाला गुंडाळू लागला. क्लबाचे सेक्रेटरी अर्धे उठून म्हणाले, "मास्तर, बसा. नाव टाकू तुमचं. आजच टाकू. वरच टाकू, हवं तर."

एवढ्यावर मास्तर बसले असते तर गोष्ट इथंच मिटली असती. जे हवं होतं ते पदरात पडलं होतं. पण रागाला उतार लागला की तो काही घराजवळ थांबत नाही. "नुसतं टाकू नका, बघून टाका! एकूण एक माझा आहे. हा इंजिनाचा बघा, तेलाच्या दाबाचा. दोन काट्यांचा. इथंसुद्धा! डावीकडचा, खालचा, आडवा! आहे की नाही?"

"आहे," कॅप्टनबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आणि लाल रेघ चुकलेली आहे, तीही तुमचीच."

"काय?"

"लाल रेघ. तुम्ही शंभरावर काढलीय. ह्या इंजिनाला ती पंच्याऐंशीवर असते. त्यावर काटा गेला की आम्ही घाबरायचो. तुमच्या पॅनलवर पोरं नव्वदला काटा नेऊन आरामात बसतात. दर तुकडीला पहिल्या दिवशी मी सांगते, मास्तरांची रेघ विसरा, पंच्याऐंशी लक्षात ठेवा."

"नऊ वर्षं?" मास्तरांचा आवाज फुटला. "नऊ वर्षं माहीत होतं आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"एका मेंबरनं तुम्हाला सांगितलं होतं की तुमच्या पॅनलवर रेडिओची घुंडी उलटी फिरते. तो अजून या खोलीच्या बाहेरूनच जातो. मास्तर, तुम्हाला सांगायला जाणं म्हणजे फिरत्या पंख्यात बोट घालणं."

भाच्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे मामा, चोरली ती चूकच."

"तू गप!" हे मामी म्हणाली, आणि इतक्या जोरात की मास्तरही दचकले.

मास्तर पडद्याकडे बघत होते. दोन काटे, लाल रेघ शंभरावर, खाली डावीकडे आडवा स्क्रू. त्यांना तो रविवार स्वच्छ आठवला. कुणा बेअकली रंगाऱ्यानं कॉकपिट रंगवताना राखाडी रंगाचा फटकारा ह्या एका गेजच्या काचेवर मारला होता, आकड्यांच्या वरच्या टोकावर. खाली काय ते दिसत नव्हतं. खरवडायची परवानगी मागितली तर सेक्रेटरी म्हणाले होते, ऐतिहासिक वस्तू आहे, हात लावायचा नाही. मास्तर घरी आले. गिरणीच्या बॉयलरला लाल रेघ शंभरावर असते. रोज बघितलेली रेघ. हात आपोआप तिकडे गेला. आणि मग बाकीच्या तिसांसारखाच ह्याचाही स्क्रू त्यांनी आडवा केला. न बघता.

"मास्तर," सेक्रेटरी म्हणाले, "होतं असं. आपण नाव टाकूच. काटेमास्तर, मोठ्या अक्षरात."

"टाकून बघा!" मास्तर गरजले. "खबरदार त्या गेजवर माझं नाव टाकाल तर! आणि तुम्ही, तुम्ही हात लावू दिला नाहीत तेव्हा. आज लावणार आहे. अडवायचं असेल त्यानं आडवं यावं."

कुणी अडवलं नाही. कॅप्टनबाई फक्त म्हणाल्या, "विमानाच्या शिडीची तिसरी पायरी हलते."

आवारात ऊन रणरणत होतं. विमानात घुसल्यावर जुन्या रेक्झिनचा आणि पाखरांच्या विष्ठेचा वास. मास्तर उजवीकडच्या खुर्चीत बसले, खिशातून पाना, स्क्रूड्रायव्हर, ब्लेडचा तुकडा काढला. भाचा दाराशी आला होता, आत यावं की नाही या विचारात. त्याच्या मागं मामी.

"उजेड अडवू नकोस," मास्तर न वळता म्हणाले. तो बाजूला झाला.

ते ब्लेडनं रंग खरवडत होते आणि शिव्या देत होते. रंगाऱ्याला, रंगाऱ्याच्या ब्रशला, सेक्रेटरीला, भाच्याला, बहिणीच्या लाडांना, नव्या आवृत्तीला. स्वतःची पाळी आली तेव्हा आवाज खाली गेला आणि शब्द मात्र सगळ्यांत वाईट निघाले. मामीनं "अहो!" म्हटलं. राखाडी भुगा त्यांच्या पँटवर पडत होता. शंभराचा आकडा आधी निघाला, कोरा. मग नव्वद. मग त्याच्या खाली, काचेमागं, केसाएवढी लाल रेघ.

पंच्याऐंशीवर.

मास्तरांनी रुमालानं काच पुसली, रेघ पुन्हा बघितली, डोकं बरोबर समोर आणून, एक डोळा मिटून, चौतीस वर्षं बघतात तशी. मग स्क्रूड्रायव्हर डावीकडच्या खालच्या स्क्रूत घातला. गंजून बसला होता. हलेना. मास्तरांनी दात ओठ खाल्ले, मनगट पांढरं पडलं, स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटून बोटाला लागला. भाच्यानं विचारलं, "तेल आणू का?"

"तेल तुझ्या डोळ्यांत घालायला हवं होतं, फाइली उघडल्यास तेव्हा. मागनं खुर्ची दाब. डुगडुगतेय."

भाच्यानं आत येऊन खुर्ची दाबून धरली. स्क्रू कुरकुरला आणि वळला. मास्तरांनी खाच नीट आडवी केली. रक्ताचं बोट तोंडात घातलं आणि त्याच बोटाआडून बोलले.

"घरी जा. त्या गेजचा स्क्रू आधी उभा कर. मग रेघ हलव, पंच्याऐंशीवर. मला दाखव. मी बघितल्याशिवाय स्क्रू आडवा करायचा नाही."

"हो."

"आणि खिडकीतून बघताना डावा पंख जरा जास्तच लांब दिसतो. कुणाला दिसला नाही, मला दिसला."

भाचा म्हणाला, "तुम्ही मोजून द्याल?"

"चोराला मोजमाप द्यायचं?" मास्तर उठले, डोकं छताला आपटलं, त्यालाही एक शिवी दिली. "टेप कुठे ठेवलाय बघावा लागेल."

"आणि नाव, मामा?"

"रेघ हलल्यावर. खाली टाक. बारीक अक्षरात."

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ते थांबले. पायरी हलली. ते वळून आत बघत ओरडले, "खाली म्हणजे तुझ्या नावाच्या वर!"

परत जाताना भाच्यानं गाडीचं दार उघडून धरलं. मास्तर त्यात बसले नाहीत. मामी बसली, पुढच्या सीटवर, खुशाल. मास्तर चालत निघाले, बोट तोंडात, आणि फाटकापर्यंत त्यांचं बडबडणं ऐकू येत होतं.