बाजेखालची पाणबुडी

नांदेडला लहानपणी पाणबुडी म्हणजे गोदावरीत बुडी मारणारा पक्षी. पुढे शाळेच्या पुस्तकात लढाईतली बोट भेटली. तिसरी पाणबुडी मला लातूरचं स्थळ येईपर्यंत ठाऊक नव्हती. बोअरमध्ये पाण्याखाली सोडायची विजेची मोटार. तिला हे नाव बोटीवरूनच पडलं असणार.

दुष्काळ चालू होता. वडिलांची एकच अट होती, पोरीला पाण्यासाठी दारोदार हिंडावं लागू नये. मध्यस्थी करणारे माझे मामा म्हणाले, "लातूर आता जिल्हा झालाय, दाजी. अन् घरात पानबुडी हाय."

मामा खोटं बोलले नव्हते. पाणबुडी घरातच होती, बाजेखाली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. बोअर लग्नाआधीच आटला होता. जिल्ह्याच्या पाट्या मात्र गावभर लागल्या होत्या.

मला राग आला, चांगलाच आला. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "बोरला पानी लागलं की सोडायची हाय. तवर ऱ्हाऊ दे थंड जागी." दर सोमवारी त्या तिला विभूती लावत. टँकरचा भोंगा वाजला की माझे दीर कुठेतरी गडप होत, त्यांनाही त्या पाणबुडीच म्हणत. गल्लीत हा शब्द मजेत चालायचा. नव्या कचेरीत साहेब खुर्चीवर सापडला नाही की परतणारा माणूस सांगायचा, "पानबुडी हाय त्यो. कवा वर येईल सांगता येत न्हाई." मी हसायचे, पण माहेरी यातलं काही कळवलं नव्हतं.

एक दिवस वडील न सांगता आले. बाजेवर टेकले, पाय मागे घेतला आणि टाच लोखंडावर आपटली. वाकून त्यांनी लुगडं बाजूला केलं. विभूतीचे पट्टे बघत राहिले. दारात सासूबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. एवढी बोलकी बाई गप्प झालेली मी प्रथमच पाहिली, आणि मला त्यांची दया आली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. वडिलांनी वरून दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी हंड्यात परत ओतलं.

"सामान बांध," ते म्हणाले. "पाऊस पडेस्तोर नांदेडला चल."

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात म्हणाले असते, तर मी पायात चप्पल घालून आधी दारात उभी राहिले असते.

"उद्या टँकर हाय, अण्णा," मी म्हणाले. "सासूबाईंचे गुडघे धरलेत. रांगेत कोण उभं ऱ्हाईल?"

 सदरा काढून वडिलांनी खुंटीला अडकवला.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत माझ्या दोन्ही घागरी घेऊन ते उभे होते. नांदेडचे पाहुणे म्हणून बायका त्यांना पुढे जा म्हणत होत्या, पण ते आपल्या जागेवरून हलले नाहीत.