पांढरी तीनचा पंखा

काशीतल्या दुर्गाघाटावरच्या शरदिनीवहिनींना देवाने कान दिले आणि ते मिटायची सोय द्यायला तो विसरला. निदान त्या तरी तसंच म्हणायच्या. मुलींच्या शाळेत पेटी शिकवता शिकवता जगातला प्रत्येक आवाज त्यांना पट्टीत ऐकू यायला लागला होता. कुकरची शिटी काळी दोन, गल्लीतल्या सांडाचं डुरकणं खालची पांढरी एक. पट्टीत बसत नव्हता तो फक्त त्यांचा नवरा.

"अहो, तीस वर्षं संकल्प सांगताय, एकदा तरी सूर धरा."

"गंगेला चालतो," बिंदुमाधवशास्त्री म्हणायचे.

"ती बिचारी बोलत नाही म्हणून."

शास्त्रीबुवा महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंना नावेतून पंचतीर्थी घडवायचे. अस्सीपासून प्रवाहाबरोबर आदिकेशवापर्यंत खाली यायचं, मग प्रवाहाविरुद्ध पंचगंगा आणि मणिकर्णिका. तोवर पोटात अन्न नाही. नाव बचाऊ माँझीची. पंचवीस वर्षं तो ही नाव वल्हवत होता आणि पंचवीस वर्षं वहिनींकडून राखी बांधून घेत होता. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याचा उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना.

"नावेला इंजिन लावू," वहिनी म्हणाल्या आणि बचाऊला घेऊन थेट कलकत्त्याला गेल्या. नावेच्या मागे टांगायचं जुनं इंजिन मिळालं. दुकानातल्या मिस्त्रीने ते पाण्याच्या पिंपात लावून फेरे मोजायच्या यंत्राचा काटा मिनिटाला पाच हजारांवर धरला आणि सांगितलं, "नाव भरलेली असताना पूर्ण दाबलं की हाच आवाज यायला हवा. याच्या खाली रडलं तर मरेल. वर किंचाळलं तरी मरेल." बरोबर पाण्यात फिरणारे तीन पंखे दिले. जो बसेल तो ठेवा, बाकीचे परत पाठवा.

काटा कलकत्त्यातच राहिला. आवाज वहिनींनी आणला. पांढरी तीन.

पंख्यांवर आकडे कोरले होते, नऊ, अकरा, तेरा. एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकणार, त्याचा हिशेब. वहिनी शाळेत गेल्या असताना शास्त्रीबुवांनी तेराचा बसवून टाकला.

"मोठा आकडा, मोठी चाल. पेशव्यांच्या गुरूंचा घाट आहे, नऊचा पंखा शोभतो का?"

रिकामी नाव अशी सुटली की बालाजी घाटावरचे पंडे संध्या सोडून बघत राहिले. कार्तिकात मात्र तिच्यात साताऱ्याचे तीस यात्रेकरू बसले. आदिकेशवाहून वर येताना इंजिनाने काळा धूर ओकला आणि बसकण मारली. शेवटी काठावरून दोर लावून नाव ओढत आणली. दुपारी चार वाजता तीस उपाशी सातारकर मणिकर्णिकेला उतरले. त्यांनी काशीत येऊन जे पुण्य मिळवलं असेल ते शास्त्रीबुवांशी बोलताना सगळं खर्च केलं.

"बास झालं. गुरुवारी जळगावची मंडळी येतायत. त्यांना दुसऱ्याची नाव, चार तरुण वल्हेकरी. बचाऊने आता घरी बसावं," शास्त्रीबुवांनी सांगून टाकलं.

बचाऊने नुसता डाव्या हाताने उजवा खांदा धरला.

"रविवारपर्यंत थांबा," वहिनी म्हणाल्या.

रविवारी त्यांनी गल्लीतल्या सगळ्या मराठी मंडळींना जेवायला बोलावलं. श्रीखंड-पुरी. जेवणं झाल्यावर कुणाला लवंडू दिलं नाही.

"चला, नावेत."

"कशाला गं?" शेजारच्या लतिकामावशींनी हात पुसत विचारलं.

"वजन म्हणून."

तीस माणसं बसली. नाव प्रवाहाबरोबर अलगद आदिकेशवाला गेली. तिथे वहिनींनी तेराचा पंखा काढायला लावून बचाऊकडून अकराचा बसवून घेतला. त्या इंजिनाजवळ पदर खोचून बसल्या, एक कान पाण्याकडे.

"दाब."

नाव वर सरकली, धूरही फारसा नव्हता. शास्त्रीबुवा खूष झाले. "हे बघ, चाललं. हाच राहू दे."

"पांढरी दोन आहे. एक सूर उतरलाय."

"एका सुराने काय होतंय?"

"तुम्हाला काही होत नाही, इंजिन महिन्याभरात मरेल. थांबव रे बचाऊ, मागे घे."

"नऊचा लावून काय बैलगाडी करायची आहे?"

"अहो, पंखा म्हणजे पाण्याचा घास. रिकाम्या नावेला मोठा घास पचतो. तीस माणसं घेऊन चढायचं तर लहान घास, पण भराभर. तुम्ही घास कसे घेता ते मी तीस वर्षं बघतेय, तुम्हाला नाही कळायचं."

लतिकामावशी श्रीखंडावर आलेल्या झोपेतून उठून हसल्या.

नऊचा पंखा चढला. बचाऊने पूर्ण दाबलं. इंजिन आधी घरघरलं, मग वर वर गेलं. वहिनींनी डोळे मिटले. पांढरी दोन. काळी दोन. आणि मग ते पांढरी तीनवर जाऊन बसलं, आणि तिथून ढळेना. राजघाटाचा पूल मागे पडला. धूर नाही, धाप नाही. तीस जेवलेली माणसं प्रवाहाच्या अंगावर चालली होती.

"दीदी," बचाऊ हळूच म्हणाला, "ई त गावत बा." इंजिन गातंय, हे त्यालाही ऐकू आलं होतं.

शास्त्रीबुवांनी पंचगंगा दिसताच सवयीने हात जोडले आणि स्तोत्र सुरू केलं. वहिनींनी सवयीने दात आवळले, आणि मग सोडले. इंजिनाचा सूर कानाशी अखंड होता, त्यातून निसटायला त्यांच्या नवऱ्याला जागाच नव्हती. तीस वर्षांत पहिल्यांदा बिंदुमाधवशास्त्री सुरात होते.

स्तोत्र संपलं. शास्त्रीबुवांनी घसा खाकरला.

"गुरुवारी जळगावकरांना सहा वाजता बोलावलंय. बचाऊ, उशीर करू नकोस."

"नाहीं महाराज."

इंजिनाची दांडी डाव्या हातात होती. उजव्या हाताला काहीच काम नव्हतं. बचाऊने जरा वेळ त्या हाताकडे पाहिलं, मग कनवटीतून पान काढलं आणि भर प्रवाहात, नाव चालू असताना, आयुष्यात पहिल्यांदा आरामात तोंडात घातलं.